कोकराच्या नख्या

मागावर बसायला मला मिळालं ते म्हातारपणी, आणि तेही सिंगापुरात, एका चर्चच्या हॉलमध्ये.

आमचं सणगराचं घर, म्हसवडच्या बाजूचं. घोंगड्या विणणं हा घरचा धंदा. बायकांनी लोकर पिंजायची, कातायची, चिंचोक्याची खळ शिजवायची. मागावर बसायचं ते पुरुषांनी. लहानपणी एकदा वडील जेवायला उठले तेव्हा मी मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसले होते. आजीनं वेणीला धरून वर ओढलं. सासरीही तोच धंदा आणि तोच नियम. पुढे घोंगड्या कुणी घेईना, माग मोडून सरपणात गेले, आणि बसायचं राहिलं ते राहिलंच.

माझा मुलगा रवींद्र इथे एका बँकेत कॉम्प्युटरचं काम करतो. त्याचे वडील गेले तेव्हा तो मला बुकित बातोकला घेऊन आला. सकाळी तो आणि सूनबाई अश्लेषा ऑफिसला, नात गार्गी शाळेला. मी ब्लॉकच्या खाली व्हॉइड डेकमध्ये, म्हणजे तळमजल्याच्या मोकळ्या जागेत, सिमेंटच्या टेबलापाशी येऊन बसायची. एके दिवशी एका साळुंकीनं माझ्या हातातलं बिस्किट उडवलं. मी तिला तोंडाला येईल ते बोलत होते, तर मागून कोणीतरी म्हणालं, "बाई, इथल्या साळुंक्यांना मराठी येत नाही. तमिळ बोलून बघा."

ती शैला. शैला साळवे, मूळची नगरची, आजोबांपासून ख्रिस्ती. तीस वर्षं इथल्या हॉस्पिटलांत नर्स होती, आता निवृत्त. नवरा वारलेला, मुलगी मीनल शाळेत चित्रकला शिकवते. माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान, पण पहिल्याच दिवशी मला "सविताताई" म्हणून मोकळी झाली, आणि मी तिला एकेरीवर आणलं.

नंतर रोजचंच झालं. ती कोपी, म्हणजे इथली कॉफी, घेऊन यायची, मी घरून काहीतरी न्यायची. तिच्या गुडघ्यांचं, माझ्या सुनेचं, तिच्या मुलीच्या लग्नाचं, सगळं बोलणं व्हायचं. नगरकडची बोली कानावर पडली की मला बरं वाटायचं. खरं सांगायचं तर सिंगापुरात माझं असं तिच्याशिवाय कोणी नव्हतं. रवींद्रच्या महाराष्ट्र मंडळातल्या बायका चांगल्या होत्या, पण त्या पुण्या-मुंबईच्या शिकलेल्या. माझ्या कपाळाकडे बघून घ्यायच्या आणि मग गोड बोलायच्या. कपाळावर माझ्या गोंदण आहे: मधोमध चंद्रकोर, वर टिंब, दोन्ही बाजूंना बारीक ठिपके, आणि हनुवटीवर एक. शैलानं मात्र पहिल्याच आठवड्यात बोट लावून बघितलं होतं. "माझ्या आजीच्याही होतं असंच," म्हणाली. "बाप्तिस्मा झाला तरी ते काही गेलं नाही."

एकदा ती मीनलचा टॅब घेऊन आली आणि मला चित्रं दाखवायला लागली. फ्रान्समधल्या एका किल्ल्यात टांगलेला सहाशे वर्षांपूर्वीचा पडदा. रंगवलेला नव्हे, विणलेला. लोकरीचा. मला आधी खरं वाटेना. माणसाहून उंच चित्रं, एकापुढे एक, संपता संपत नव्हती. देवदूत कर्णे वाजवताहेत, तारे पावसासारखे खाली येताहेत, गावंच्या गावं उलटी पडताहेत, एका सात डोक्यांच्या सापाच्या तावडीतून एक बाई बाळ वाचवतेय. आणि प्रत्येक चित्राच्या कडेला एकच माणूस, सगळं बघत उभा.

"हा कोण?"

"योहान. जगाचा शेवट यालाच दिसला. त्यानं बघितलं आणि लिहून ठेवलं."

"एवढं होतंय आणि हा नुसता बघतोय?"

"त्याचं कामच ते," शैला म्हणाली.

तिनं असंही सांगितलं की मधल्या काळात तिकडे क्रांती झाली तेव्हा लोकांनी त्या पडद्याचे तुकडे केले. कोणी तबेल्यात घोड्यांना थंडी लागू नये म्हणून लावले, कोणी पायपुसणी केली.

"मग घोंगडीच म्हण की ती," मी म्हणाले.

शैला इतकी हसली की कोपी सांडली. ती हसली म्हणून मी सगळं सांगितलं, घरचा धंदा, मागाचा खड्डा, आजीनं ओढलेली वेणी. ऐकून ती म्हणाली, "सविताताई, तुझी गाठ देवानंच घालून दिली."

त्यांच्या चर्चमधल्या बायका तसाच एक छोटा पडदा विणणार होत्या. चार चित्रं, हॉलच्या भिंतीसाठी. चित्रं मीनल काढणार. चर्चमधल्या एका सुतारानं लाकडी माग करून दिले होते. फिलिपिन्सच्या दोघी, त्यातली एक टेसी, दोन चिनी आंटी, त्यातली एक लिम आंटी, केरळच्या एक बाई, सगळ्या हौशी. लोकरीला हात कोणाचा लागलेला नव्हता. शैलानं मला नेलं आणि मागासमोर स्टुलावर बसवलं. पाय खाली टेकले तेव्हा मी मागे वळून बघितलं. वेणी ओढणारं कोणी नव्हतं.

हे विणणं आमच्या विणण्याहून वेगळं होतं. ताण्याच्या दोऱ्यांखाली चित्राचा कागद ठेवायचा आणि रंगीत लोकरीच्या कांड्या हातानं आत-बाहेर करत, फणीनं ठोकत पुढे जायचं. विणायचं ते उलट्या बाजूनं. सुलट बाजू खाली. वरून दिसतात नुसती दोऱ्यांची टोकं. आणि चित्र आडवं विणायचं. माणसं निजल्यासारखी विणली जातात, पडदा टांगला की ती उभी राहतात. विणून झालेलं रुळावर गुंडाळलं जातं, त्यामुळे मागचं दिसत नाही, पुढचं अजून आलेलं नसतं. समोर असतं ते हातभर रुंद. त्यात एखाद्याची कोपरापासूनची बाही, एखाद्याचा पाय.

त्या वर्षी गणपतीला शैला आमच्या घरी आली. आरतीला मागे उभी राहिली, टाळ्या वाजवल्या, मोदक खाल्ले आणि मोबाइलवर माझा फोटो काढला. मी हात जोडून उभी, डोळे अर्धे मिटलेले, अंगावर हिरवं लुगडं. दुसऱ्या दिवशी मला फोटो दाखवत म्हणाली, "मीनलला देते. तुला पडद्यात घ्यायचंय."

"मला? मी कशाला तुमच्या पडद्यात?"

"अगं, एक चित्र आहे. सगळ्या देशांतले, सगळ्या भाषा बोलणारे लोक, मोजता येणार नाहीत इतके, कोकराच्या सिंहासनापुढे उभे आहेत. पांढरे झगे, हातात झावळ्या. तिथे मराठी बोलणारं कोणी नको? मी नको, मी फार तरुण वाटते," आणि स्वतःच हसली. "आणि त्यांच्या कपाळावर देवाची खूण असते. तुझ्या आयतीच आहे."

कोकरू म्हणजे त्यांचा प्रभू, हे तिनं मला आधी समजावलं होतं. मेंढरांत वाढलेली मी, मला ते पटकन कळलं. तिनं मला ते शास्त्राचं मराठी पुस्तकही दिलं होतं. मला अक्षरं चाळिशी उलटल्यावर आली, गावात रात्रीचे वर्ग निघाले तेव्हा. अजून बोट ठेवूनच वाचते. ती गर्दी जिथे आहे तिथवर मी वाचत गेले. तिथे म्हटलं होतं की त्या लोकांना पुन्हा भूक लागणार नाही, ऊन लागणार नाही. माणदेशात जन्म काढलेल्या बाईला याहून काय सांगायचं. पुढचं सगळं भीतीचं होतं, ते मी शैलाच्या तोंडून ऐकायचं म्हणून सोडून दिलं.

"पण पांढरं नको गं," मी तिला म्हणाले. "नवरा गेला म्हणून नेसल्यासारखं दिसेल."

"बरं बाई. बघू."

घरी सांगितलं तर अश्लेषाला फार आवडलं. तिनं मंडळाच्या ग्रुपवर टाकलं की आमच्या आई टॅपेस्ट्रीत येणार. गार्गी म्हणाली, "वाह आजी, सेलिब्रिटी लाह!" मी त्यांना म्हटलं, झाल्यावर बघा. पण मनात मी रोज त्या गर्दीत उभी राहून बघत होते. या देशात माझा राहायचा पास दर थोड्या वर्षांनी नवा करावा लागतो. दुकानात मी बोलले तर कळत नाही, बसमध्ये माझ्याशेजारची जागा रिकामी राहते. आणि इथे, एका भिंतीवर, सगळ्या लोकांत एक लोक म्हणून मी कायमची असणार होते. शैलानं मला ती जागा दिली होती.

चिनी नववर्षाच्या सुट्टीनंतर मीनलनं नवा कागद पाठवला. पहिल्यात मी उभी होते. यात गुडघे टेकलेली. झावळी गेली होती. अंगावर पांढरा झगा नव्हता, माझं हिरवं लुगडं होतं, काठासकट.

"उभी होते ना मी?"

"फोटोत तू हात जोडलेस ना, मग गुडघे टेकलेलंच शोभतं," शैला म्हणाली. "आणि बघ, पांढरं नको म्हणालीस म्हणून लुगडं ठेवायला सांगितलं."

मी तिचे हात हातात घेतले. एवढं कोण करतं?

आमचं चित्र दोन तुकड्यांत होतं. डावीकडची गर्दी माझ्या मागावर, उजवीकडचं सिंहासन आणि कोकरू शैलाच्या. तोवर तिचा माग हॉलमध्ये माझ्या शेजारीच असायचा. त्याच आठवड्यात तिनं तो घरी नेला. गुडघे दुखतात, रोज जिने नको, म्हणाली. तिच्या घरी गेले की मागावर चादर असायची. "पूर्ण झाल्यावर बघ. तुला चकित करायचंय." आणि मला डबाभर शेंगदाण्याचे लाडू द्यायची. पूर्वी कधी द्यायची नाही, साखर वाढलेली म्हणून घरात करतच नसे.

मी मला विणलं. नीट विणलं. लुगड्याच्या हिरव्यात दोन छटा घेतल्या. गोंदणाच्या निळसर रंगाची लोकर मिळेना, तर निळा आणि काळा पदर एकत्र पिळून केला. हनुवटीवरचा ठिपका बसेना. पुन्हा पुन्हा उसवला. शैला मधूनमधून यायची, शेजारी बसून दोरा द्यायची. केरळच्या बाई म्हणाल्या, पुरे आता, छान झालाय. मी म्हटलं, नाही, तो जरा डावीकडे आहे माझ्या.

पडदा टांगायच्या आधीच्या आठवड्यात सगळे तुकडे मागावरून उतरवले. हॉलमध्ये टेबलं जोडून त्यावर उलटे अंथरले आणि चित्रं एकमेकांना जोडून शिवायला घेतली. आमचा सांधा शिवायचं काम माझ्याकडे होतं. शैलाला सुईत दोरा ओवता येत नाही, मोतीबिंदू आहे. दुपारी बाकीच्या बायका हॉकर सेंटरला जेवायला गेल्या. आम्ही दोघीच राहिलो. शैलाचा तुकडा धूळ लागू नये म्हणून तिनं चादरीखालीच ठेवला होता. शिवायला लागणारी कड तेवढी बाहेर होती.

मी खालून वर शिवत गेले. गवत, दगड, माझ्या लुगड्याचा घोळ. माझ्या जोडलेल्या हातांच्या जवळ आले तेव्हा पलीकडच्या कडेवर एक पाय आला. टोकं लोंबत होती तरी आकार कळत होता. मी टोकं बाजूला केली. पिवळ्या पायावर काळे ठिपके होते. आणि पंज्याला पाच वाकड्या नख्या.

"शैला," मी म्हणाले, "कोकराला नख्या कशाला गं?"

ती खिडकीजवळ अस्तर कापत होती. कात्री थांबली.

"आणि ठिपके?"

मी सुई टोचून ठेवली आणि चादर ओढली. चादर ओढताना ती "थांब" म्हणाली, पण उठली नाही.

बिबट्याचं अंग, अस्वलाचे पंजे, आणि मानेवर सात डोकी, सिंहाची, तोंडं उघडी. हे जनावर मी टॅबवर पाहिलं होतं. शेवटच्या काळात हे समुद्रातून वर येतं आणि चुकलेले लोक त्याच्या पाया पडतात. मग ते त्यांच्या कपाळावर आपली खूण करतं. आणि ते सगळे जळतात.

मी खुर्चीवर बसले.

"त्या चित्रात आहे कोण मग? कोकरापुढे?"

"आहेत. सगळे आहेत," शैला खाली बघत म्हणाली. "टेसी आहे. लिम आंटी आहे."

"आणि मराठी बोलणारी?"

"मी."

बाहेर कोणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा टूं टूं आवाज येत होता. तो थांबल्यावर शैलानं कात्री खाली ठेवली.

"समितीत एक गृहस्थ आहेत," शैला बोलायला लागली. "त्यांनी मीनलचा पहिला कागद बघितला. म्हणाले, ही बाई कोण, कपाळावर हे काय? मी सांगितलं, माझी मैत्रीण आहे, गोंदण आहे. ते म्हणाले, फोटो कुठला? मी खरं सांगितलं, सविताताई. मला खोटं बोलता येईना. गणपतीपुढचा आहे म्हणून सांगितलं. मग ते म्हणाले, मूर्तीपुढे हात जोडलेली बाई कोकरापुढे कशी चालेल? लोक काय म्हणतील?"

"त्यांच्याशी खोटं बोलता येईना."

"तुला काढूनच टाका म्हणत होते गं. मी भांडले. म्हटलं, राहू दे, दुसऱ्या कुठल्यातरी चित्रात तरी राहू दे. निदान पडद्यात तर आहेस!"

"म्हणजे उपकार केलास."

"तसं नाही गं..."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू विणलं असतंस?"

"नसतं."

"मग?" शैला म्हणाली.

ती हे चिडून म्हणाली नाही. जसं आहे तसं म्हणाली. तेवढा एक शब्द मला त्या सात तोंडांपेक्षा जास्त लागला. त्यांना हात कमी पडत होते. लोकर मला कळत होती. सणावाराला बाकीच्या येत नसत तेव्हाही मी येत होते. लाडवांचा डबा, गुडघेदुखी, लुगडं ठेवायला सांगितलं म्हणून मी धरलेले तिचे हात, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं.

"मी माझ्या हातानं मला विणलं, शैला. तू शेजारी बसून बघत होतीस. ठिपका डावीकडे घ्यायचा म्हणून मी उसवत होते आणि तू मला दोरा देत होतीस."

आता ती रडायला लागली. डोळे पुसून जवळ आली आणि माझ्या तुकड्यावर हात ठेवला. "एक करू या. गोंदण काढून टाकू. तेवढेच चार दोरे. मग कोणालाच कळणार नाही ही तू आहेस. कोणीही बाई होईल."

"हात काढ."

"सविताताई..."

"त्यावरचा हात काढ. गोंदवताना मी सात वर्षांची होते. रडत होते, तर आईनं मांडीत दाबून धरलं आणि म्हणाली, मेल्यावर बरोबर एवढंच येतं. ते मी तुझ्या समितीसाठी उसवू?"

बायका जेवून परत येत असल्याचा आवाज जिन्यात आला. शैलानं घाईघाईनं चादर सारखी केली. मी सुई उचलली. त्या बायकांचं यात काही चुकलं नव्हतं. त्यांच्याही कित्येक महिन्यांच्या दुपारी त्या पडद्यात होत्या. मी सांधा शिवायला घेतला. माझ्या हातांपर्यंत आले, तिथे गाठ मारून दोरा तोडला. वीतभर जागा सोडली आणि वरून पुन्हा सुरू केलं, पार शेवटापर्यंत. माझे जोडलेले हात आणि तो पंजा, यांच्यामध्ये टाका घातला नाही.

घरी सांगितलं तेव्हा अश्लेषा उभीच राहिली. "मी मंडळातल्या आठजणींना बोलावलंय, आई! त्या सगळ्या येणार आहेत रविवारी. मी आत्ता कळवते, कार्यक्रम रद्द झाला म्हणून."

"रद्द कुठे झालाय?"

"मग काय दाखवायचं त्यांना?"

रवींद्र बूट काढत होता. "आई, जाऊ दे ना. त्यांचं चर्च, त्यांचा पडदा. आपण परक्या देशात. पुन्हा जाऊ नकोस म्हणजे झालं."

"मी जाणार आहे," मी म्हणाले. "मी विणलंय."

"निदान ते लुगडं नका नेसू," अश्लेषा म्हणाली. "सगळे ओळखतील."

रविवारी मी तेच हिरवं लुगडं नेसले. केस मागे घट्ट बांधले, म्हणजे कपाळ पूर्ण दिसावं. अश्लेषानं बघितलं. टॅक्सीत ती माझा हात धरून बसली. मंडळातल्या बायकांना तिनं काय सांगितलं ते मी विचारलं नाही. त्यातली एकही आली नव्हती.

हॉल भरला होता. पडदा भिंतीवर होता, पहिल्यांदाच सुलट, पहिल्यांदाच उभा. मला मानावं लागेल की तो सुंदर दिसत होता. पहिल्या चित्रात ती मोठी गर्दी, पांढऱ्या झग्यांत. तिच्यात शैला होती, तरुण केलेली, झावळी हातात. तिसऱ्या चित्रात मी होते. गुडघे टेकलेली, डोळे अर्धे मिटलेले. शेजारचे लोक मीनलनं कसेबसे काढले होते, तोंडं नुसती गोल. चेहरा होता तो माझ्या एकटीला. माझ्यासमोर ते जनावर बसलं होतं, आणि मध्ये एक फट होती. पडद्याच्या वजनानं ती उघडली होती आणि मागची पांढरी भिंत तिच्यातून दिसत होती.

फादर चांगले गृहस्थ. त्यांना यातलं काही ठाऊक नसावं. त्यांनी प्रत्येक विणणारीला पुढे बोलावलं आणि दोन शब्द बोलायला सांगितलं. माझी पाळी आली तेव्हा शैला माइक घेऊन शेजारी उभी राहिली, कारण मला इंग्रजी येत नाही आणि त्या हॉलमध्ये मराठीचं इंग्रजी करणारी तीच एक होती. रवींद्र आणि अश्लेषा पार मागे, दाराशी होते.

मी पडद्याकडे बोट केलं. "ही मी आहे," मी म्हणाले. "हा फोटो काढला तेव्हा माझ्यासमोर माझ्या घरचा गणपती होता. हे जनावर नव्हतं. हे मला माहीत नसताना माझ्यापुढे आणून ठेवलंय." आणि शैलाकडे वळून म्हणाले, "सांग त्यांना."

शैलानं माइक तोंडाशी धरला. ती बोलली ते थोडकंच होतं. मला इंग्रजी येत नाही, पण "हॅपी" कळतं. "थँक यू" कळतं. "फ्रेंड" कळतं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. फादरांनी वाकून माझे दोन्ही हात धरले. लिम आंटीनं माझ्या गालाला गाल लावला. मागे रवींद्र गर्दीतून पुढे यायला लागला होता. त्याचा चेहरा लाल झाला होता. मी मान हलवली तसा तो थांबला. त्याला मी थांबवलं ते शैलासाठी नाही. मला सांगायचं होतं ते एका माणसानं सांगायला हवं होतं, आणि तिनं ते पुन्हा एकदा टाळलं होतं. दुसऱ्यानं सांगून ते भरून आलं नसतं.

चहाच्या वेळी ती मला कोपऱ्यात गाठायला आली. हातात प्लेट, प्लेटमध्ये करी पफ.

"एवढ्या लोकांत काय सांगणार होते गं मी?" हळू आवाजात म्हणाली. "इथे मला तीस वर्षं झाली. उद्या पुन्हा यांच्यातच बसायचंय मला."

"बस की."

"तू उद्या सकाळी येशील ना खाली?"

तिनं प्लेट माझ्यापुढे धरली. मी घेतली नाही, तशी ती पडद्याकडे बघत राहिली.

"तिथे तुझी शिवण राहिलीय, सविताताई."

"राहिली नाही. ठेवलीय."

दुसऱ्या दिवशी मी खाली गेले नाही. पुढे पास नवा करायची वेळ आली तेव्हा रवींद्रनं यिशुनला दुसरा फ्लॅट बघितला, त्याच्या ऑफिससाठी म्हणून; आम्ही बुकित बातोक सोडलं. जायच्या आधी एका सकाळी मी एकटीच त्या हॉलमध्ये गेले. दार उघडं होतं, आत एक जण लादी पुसत होता. मी भिंतीपासून लांब, कडेला उभी राहिले.

फट शिवलेली होती. पडदा उतरवून अस्तर उसवण्याचं कोणाला जमलं नसणार. टाके सुलट बाजूनंच घातले होते, पांढऱ्या दोऱ्यानं, मोठे मोठे, वाकडे. एक माझ्या बोटावरून गेला होता. हॉस्पिटलात जखम शिवतात तसे सुटे टाके, एकेकाला वेगळी गाठ. डोळ्यांनी नीट दिसत नसताना कोणीतरी शिडीवर चढून घातलेले.

लादी पुसणाऱ्यानं मला हातानं खूण केली, ओलं आहे, जपून. मी कडेकडेनं बाहेर पडले.